सुभद्राकाकीच्या मुठीतलं मुठेल

आमच्या वाडीत थंडीच्या दिवसांत कोणाची टाच उलली किंवा ओठ फाटले, तर माणूस आधी सुभद्राकाकीच्या घराकडे कान देऊन उभा राहतो. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला तर तो परत फिरतो आणि आणखी दोन दिवस लंगडतो. आवाज नसेल तर भीत भीत हाक मारतो आणि मुठेलाचा गोळा मागतो. गोळा मिळतो, बरोबर बोलणीही मिळतात. इतक्या भेगा पडेपर्यंत काय करत होतास, पाय तुझेच ना, की कोणाचे मागून आणलेस.

काकी कधीमधी रागावते असं म्हणणाऱ्याने तिला पाहिलेलं नाही. ती रागातच राहते. कामापुरती बाहेर येते. गवताचा भारा वाकडा बांधला, पोहरा विहिरीच्या काठावर आपटला, देवळात घंटा उगाच दोनदा वाजवली, एवढंही तिला पुरतं. आणि अडचण अशी की तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. चुकीचं असतं तर आम्ही केव्हाच तिला हसून मोकळे झालो असतो.

हे मुठेल म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल. सालींची सोलं झाली की बिया उरतात, त्या बाकीची माणसं उकिरड्यावर टाकतात. काकी त्या वाळवते, उखळात कुटते आणि मोठ्या तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर उकळत ठेवते. वाफेने स्वयंपाकघर भरतं, भिंती घामेजतात, आणि भांड्यात पाण्याच्या वर तेल तरंगायला लागतं. ते करवंटीच्या पळीने अलगद काढायचं. निवायला लागलं की ते आधी ढगाळतं, मग लोण्यासारखं होतं, आणि नेमक्या त्या वेळी मुठीत घेऊन दाबायचं. लवकर घेतलं तर बोटांतून निसटतं, उशीर झाला तर चुरा होतो. बरोबर साधलं तर घट्ट गोळा होतो आणि त्याच्यावर चार बोटांच्या चार खाचा उठतात. वायू, द्रव आणि घन या तिन्ही अवस्था मी पुस्तकात वाचल्या त्याच्या कितीतरी आधी काकीच्या चुलीवर पाहिल्या होत्या. फक्त तिथे त्यांना नावं नव्हती, आणि जवळ जाऊन बघितलं तर पळीचा मार होता.

काकीचे यजमान गंगारामकाका. उंच, मितभाषी, पूर्वी मचव्यावर खलाशी होते. दोर ओढून ओढून त्यांचे पंजे सुपाएवढे झालेले. पण घरात त्या पंजांचा उपयोग मुख्यतः डोकं धरून बसायला होई. मुठेल करायचं काकीने आणि पोचवायचं काकांनी, अशी वाटणी होती. थोडे गोळे जामसंड्याला बाबलीशेटच्या दुकानात, बाकीची गोणी एसटीने फोंडाघाटच्या व्यापाऱ्याकडे. त्याच्याकडून बदल्यात घाटावरच्या गुळाची ढेप यायची.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या फाल्गुनात काकांनी उरलेले गोळे फोंडाघाटला नेले. कंडक्टरने गोणी टपावर टाकायला लावली. दुपारचं ऊन, वर तापलेला पत्रा. फोंडाघाटला गोणी उघडली तर आत गोळे नव्हतेच. सगळ्यांचा मिळून एकच बसका गठ्ठा झाला होता, त्याच्यावर गोणपाटाची वीण उमटलेली. व्यापाऱ्याने तो तसाच परत पाठवला. काकांनी तो घरी आणला आणि काकी त्यांच्यावर जी बोलायला लागली, ती गणपतीपर्यंत बोलत होती. आंबे आले आणि गेले, लावणी झाली, काकी बोलतच होती. "गाडीत मांडीवर घेवन बसाक काय हात झडले होते? तुमी बसलात सावलेत, आणि माजा वर्साचा काम बसला उन्हात." काकांनी एकदाही उत्तर दिलं नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या गावच्या शाळेत आठवीचा वर्ग नवीन निघाला. मी मॅट्रिकला तिसऱ्या खेपेला सुटलो होतो, म्हणून मला प्रयोगशाळा सांभाळायला ठेवलं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात दोन परीक्षानळ्या, एक लोहचुंबक, एक मेलेला विंचू बाटलीत, आणि लाकडी पेटीत एक थर्मामीटर. विज्ञान शिकवायला गुरुदास मास्तर होते. जामसंड्याहून रोज सायकलने यायचे, वय सत्तावीस, उत्साह भलता.

पौषात त्यांनी उष्णतेचा धडा काढला. उष्णता दिली की घनाचा द्रव होतो, द्रवाचा वायू होतो. पुस्तकात बर्फाचं उदाहरण होतं. वर्गात एकानेही बर्फ पाहिलेला नव्हता. मास्तर म्हणाले, मग आपण आपल्या मातीतला पदार्थ घेऊ. त्यांनी बायकोच्या टाचांसाठी बाबलीशेटकडून आणलेला मुठेलाचा गोळा खिशातून काढला. त्यांच्या जाड इंग्रजी पुस्तकात कोष्टक होतं, आणि त्यात कोकमाचं तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं असं दिलेलं होतं.

स्टोव्ह पेटला, वर लोखंडी पळी, पळीत अर्धा गोळा. थर्मामीटर धरायचं काम माझं. गोळा वितळता वितळेना. शेवटी वितळला तेव्हा मी वाचलं, बासष्ट.

मास्तर वर्गाकडे वळले. "कोष्टक सांगतं चाळीस. आपल्याला मिळाले बासष्ट. मेण साधारण तिथेच वितळतं. मग या मुठेलात काय आहे?"

"मेण," एकतीस मुलं एका सुरात म्हणाली.

मास्तरांना वाटलं धडा छान झाला. झालाच होता. मधल्या सुट्टीपर्यंत तो वाडीत पोचला, संध्याकाळपर्यंत जामसंड्याला. सुभद्रा मुठेलात मेण घालते, शाळेत सिद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या अंगणात कोणीतरी एक गोळा आणून ठेवून गेलं. हाक न मारता.

काकी शाळेत आली तेव्हा प्रार्थना चालू होती. ती संपेपर्यंत ती पायरीवर उभी राहिली, देवाचं नाव होतं म्हणून. नंतर सरळ आठवीच्या वर्गात.

"मास्तर तुमीच मां?"

"या काकी, बसा," मास्तर म्हणाले.

"बसूक इलंय नाय. माज्या मुठेलात मेण आसा म्हणान तुमी पोरांका शिकवलात?"

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. प्रयोगात जे दिसलं ते..."

"हय दुसरा कोण मुठेल करता? नाव कित्याक घेवक व्हया? बोट दाखवलात ता पुरे झाला." ती माझ्याकडे वळली. "शिवा, तू होतंस मां थंय? कशान मापलास?"

मी पेटीतून थर्मामीटर काढून दाखवला. तिने तो हातात घेतला नाही, नुसता वरून खाली पाहिला.

"ह्या खंय धरलंस?"

"तेलात, काकी."

"तेलात खंय? वर, मधी, का खाली?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. हात अवघडला होता म्हणून मी थर्मामीटरचं टोक पळीच्या बुडाला टेकवून धरलं होतं. खाली स्टोव्हचा जाळ.

"बुडाक टेकवल्यान," काकी वर्गाला म्हणाली, जसा काही वर्ग तिचाच होता. "मास्तरानू, ह्येना पळयेचो ताप मापल्यान, तेलाचो नाय. उद्या माका ताप इलो तर ह्यो येवन माजी चूल मापतलो."

मुलं हसली. मास्तर लाल झाले. पण ते माणूस म्हणून सरळ होते. म्हणाले, "ठीक आहे. परत करू. तुमच्यासमोर."

"माज्यासमोर नाय, गावासमोर. शनवारी शाळा सुटल्यार. बाबलीशेटीच्या दुकानातले गोळे तुमी हाडा, घरचे मिया हाडतंय. आणि कसा मापूचा ता मिया सांगतलंय. सत्रा वर्सा हात पोळलेत माजे, ते पुस्तक वाचून न्हय."



मधल्या तीन दिवसांत काकी गप्प बसली नाही. विहिरीवर, देवळात, पाणंदीत, जिथे माणूस भेटेल तिथे तिने मास्तरांना सोलून काढलं. तिचं एवढंच म्हणणं होतं की या हातांनी केलेली एकच गोष्ट तिच्या नावावर आहे. शेत काकांच्या बापाचं, घर काकांचं, मूलबाळ देवाने दिलं नाही. मुठेल तेवढं तिचं. तेच खोटं ठरलं तर तिचं काय उरलं? हे ती रडून सांगती तर लोक विरघळले असते. पण ती ओरडून सांगत होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, आपणच मेण घातलं की काय.

काका मात्र अस्वस्थ. शुक्रवारी ते शाळेच्या मागच्या बाजूने माझ्याकडे आले.

"शिवा, तो थर्मामीटर काचेचो असता मां रे?"

"काचेचाच आहे, काका."

"मग पडलो तर फुटात."

"फुटेल की."

"वायच घट धरीत जा हां," ते म्हणाले आणि थोडा वेळ उभे राहिले. "तसा, फुटलो तरी कोण तुका बोलाचो नाय."

मला हसू आलं. म्हातारा माणूस, बायकोच्या बाजूने घाबरलाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मॅट्रिकला तीन खेपा लागलेल्या डोक्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

शनिवारी शाळेच्या पडवीत पन्नास-साठ माणसं जमली. जामसंड्याहून बाबलीशेट गोळ्यांची टोपली घेऊन आला होता, चेहरा असा की त्याचाच न्याय व्हायचाय. मेणबत्त्या करणारी पिएदाद आली होती. ती चर्चमधली उरलेली थोटकं गोळा करून परत ओतते, त्यामुळे मेणाबद्दल काही निघालं तर आपल्यालाही मत असावं, असं तिला वाटलं असणार.

काकीने स्टोव्हचा ताबा घेतला. जाळ बारीक केला. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात हात घातला. "आंगोळीच्या पाण्यापरास कणभर जास्त. ह्येच्या वर नको." मग त्या पाण्यात पितळी वाटी तरंगत ठेवली आणि घरच्या गोळ्यातला एक वाटीत टाकला. मला म्हणाली, "आता धर. मधी धर. बुडाक लागलो तर तुज्या कानाक लागात."

गोळा कडेने ओला झाला, मग चकाकला, मग त्याच्या भोवती पिवळसर तेल साचलं. काकी नारळाच्या हिराच्या काडीने हलकेच ढवळत होती. पारा चढत गेला आणि चाळिसाच्या जरासा अलीकडे थांबला. थांबला तो थांबलाच. खाली स्टोव्ह पेटलेला, पाणी तापतंय, आणि पारा जागचा हलेना. मला वाटलं बिघडला.

"हलत नाही," मी मास्तरांना कुजबुजलो.

"हलाचो नाय," काकी म्हणाली. "गोळो आसा तोवर तेल तापणा नाय. सगळो ताप तो गोळो खाता. शेवटचो तुकडो गेलो काय मग बग."

मास्तर घड्याळ काढून बसले. सहा मिनिटं झाली, सात झाली. शेवटची चकती तेलात विरून गेली, वाटीचा तळ आरशासारखा दिसायला लागला, आणि पारा पुन्हा वर सरकला. मास्तर उठून उभे राहिले.

"काकी, हे पुस्तकात आहे. अवस्था बदलत असताना दिलेली उष्णता सगळी त्याच कामात जाते, तापमान वाढत नाही. इथे येण्याआधीपासून, चार वर्षं मी हे फळ्यावर लिहितोय. बघितलं आज."

"मिया रोज बगतंय," काकी म्हणाली. "माका कोण मास्तर म्हणणा नाय."

लोकांचे चेहरे सैल झाले. घरचा दुसरा गोळाही तसाच वितळला. काकीचा आवाज चढला. आता ती जिंकत होती आणि जिंकताना ती जास्तच रागावते. कोणी कोणी गोळा परत केला, कोण पाणवठ्यावर तोंड फिरवून गेली, सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग तिने हात मागे केला. "बाबली, हाड तुजो."

बाबलीशेटने टोपलीतला गोळा तिच्या हातावर ठेवला. तिने तो सवयीने मुठीत घेतला, आणि बोलता बोलता थांबली.

मी अगदी शेजारी होतो म्हणून मला दिसलं. गोळ्यावरच्या खाचा रुंद होत्या. तिची बोटं त्यांच्यात बसेनात; दोन बोटं एका खाचेत मावत होती. तिने गोळा फिरवून पाहिला, परत मूठ मिटली, परत उघडली. मग मान वर करून तिने पडवीच्या टोकाला खांबाआड उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. काका खाली बघत होते.

ती एवढंच म्हणाली असती की ही मूठ माझी नाही, तर ते खरंच होतं आणि तिथेच सगळं संपलं असतं. तिने तो गोळा वाटीत टाकला.

पारा चाळिसाला पोचला, गोळा मऊ पडला. पण पारा थांबला नाही. चव्वेचाळीस. एकोणपन्नास. तेल स्वच्छ होईना. तांदळाच्या पेजेसारखं पांढरट, आणि त्यात गुठळ्या तरंगत राहिल्या. पिएदाद पुढे वाकली, तिने हिराच्या टोकाने एक गुठळी उचलली, दोन बोटांत चोळली आणि मागे सरकली. तिचा चेहरा मला आवडला नाही.

मास्तर खरोखर चांगल्या मनाने म्हणाले, "काकी, हा गोळा तुमचा नसेलच. दुकानात आणखी कुठून आला असेल."

"माज्यावर कित्याक घालतात?" बाबलीशेट ओरडला. "मिया दुसऱ्याचा माल घेणाच नाय."

"असेल, एखादा मिसळला असेल," मास्तर म्हणाले, आणि चार माणसांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच ते हवं होतं. मलाही हवं होतं.

"गप रवा," काकी म्हणाली. "माका कोणाची दया नको. ह्यो गोळो माज्या घरचो आसा. बोटां माजी न्हयत, पण घर माजा."

तेव्हा काका खांबाआडून बाहेर आले. एवढा उंच माणूस, पण मुलांच्या मधून येताना वाकून आला. "मिया घातलंय," ते म्हणाले. "हिका काय म्हायत नाय."

कोणी काही विचारलं नाही, तरी ते सांगत राहिले. कधी बोलत नाहीत ती माणसं एकदा लागली की थांबत नाहीत. "गेल्या वर्सा ते गोळे एक झाले, तेव्हा ही गणपतीपर्यंत बोलत होती. म्हटलंय, ह्या वर्सा घट रवांदेत. पिएदादीकडसून मेण हाडलंय, धाडूचे गोळे शेतातल्या मांगरात वितळवन त्यात घातलंय, आणि परत गोळे केलंय. टपार ठेवले तरी बसाचे नाय म्हणान. इतक्याच."

आता सगळे काकीकडे बघायला लागले. मी थर्मामीटर हळूच पेटीत ठेवला. काचेची वस्तू होती.

ती आधी मास्तरांना म्हणाली, "तुमचा बरोबर निघाला. पण मापलात ता चुकीचाच. सोमवारी पोरांका परत नीट शिकवा, नायतर मिया येवन शिकवतलंय." मग पिएदादकडे वळली. "आणि तू गो? ह्येंनी मेण मागला आणि तू दिलंस? इचारलंस नाय कित्याक व्हया?"

"मागल्यान, दिलंय," पिएदाद म्हणाली. "घोव तुजो, आणि इचारूचा मिया?"

त्याने काकी आणखी चिडली. बाबलीशेटला तिने तिथेच विचारलं, कोणी कोणी नेले गोळे. तो सांगत गेला, ती बोटांवर धरत गेली. बावीस घरं. मग काकांना म्हणाली, "अवो, टोपली घेवा."

त्याच दुपारी तिने जामसंड्याला घरोघर फिरायला सुरुवात केली. पुढे काकी, मागे टोपली घेऊन काका, आणि मला शाळेतर्फे साक्षीला घेतलेलं. प्रत्येक दारात तेच. "आमच्या गोळ्यात मेण आसा. माज्या घरात घातलेला आसा. तो माका दी, ह्यो घे." कोणी विचारलं, कोणी घातलं, तर म्हणे, "घरात घातला म्हणान सांगलंय मां?" काकांचं नाव एकाही दारात घेतलं नाही. दोन दारांच्या मधल्या रस्त्यावर मात्र दुसरं काहीच घेत नव्हती. "वितळलो तर वितळलो. वितळता म्हणानच तो भेगेत जाता. ह्या तुमका कळणा नाय? मचवो कसो चालवत होतात देव जाणे." काका टोपली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.

अकराव्या घराशी घरचे चांगले गोळे संपले. उरलेल्यांना तिने सांगितलं, पुढच्या वर्षी देते, लक्षात ठेवा, मीही ठेवीन. पंधराव्या घरात हौसाबाई म्हणून म्हातारी होती, ती गोळा देईना. "माका ह्योच बरो वाटता गो. हात तेलकट होणा नाय."

"हात तेलकट होवक व्हयो, म्हणानच ता तेल आसा," काकी तिच्यावर कडाडली आणि गोळा काढून घेतला.

राहिला फोंडाघाट. गोणी मार्गशीर्षातच तिथे गेली होती आणि बदल्यात गुळाची ढेप घरी आली होती. सोमवारी आम्ही तिघं पहिल्या गाडीने निघालो. ढेप फडक्यात बांधून काकांच्या मांडीवर. अजून फोडलेली नव्हती.

व्यापारी घाटावरचा, गोरागोमटा, दुकानात लोड-तक्क्याला टेकून बसलेला. काकीने सगळं सांगितलं. मेण आहे, परत घ्यायला आलोय, हा तुमचा गूळ.

तो हसला. "अवो बाई, असला झ्याक माल तुमच्याकडनं कधी आला न्हवता. घट्ट, पांढरा. उन्हाळा आला तरी बसायचा न्हाई. निम्मा खपला. म्होरच्या साली असलाच धाडा."

"भेगेत जाणा नाय तो. वर बसता आणि सुटता."

"गिऱ्हाईक तक्रार करंना, तुमी कशापायी करताय?"

"गिरायकाक सांगलात, सुभद्रान केलेला म्हणान?"

"कोन सुभद्रा?" त्याने विचारलं. चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं.

सतरा वर्षं तिचा माल त्या दुकानात जात होता. शनिवारी पन्नास माणसांसमोर आणि बावीस दारांत ज्या नावासाठी ती एवढी भांडली, ते नाव इथे कोणी ऐकलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या शेठची आलीच, पण स्वतःचीही आली, कारण तो बोलत असताना क्षणभर मला वाटून गेलं होतं की कोणाचंच काही बिघडत नाही, तर कशाला एवढं. काकीने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती, आणि पाहावीशीही वाटली नाही.

काकांनी ढेप दुकानाच्या फळीवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली, तराजू हलला.

"गोणी दी," ते म्हणाले.

"अवो मामा, दिलेला माल परत घ्यायची रीत न्हाई आमच्यात. बसा, चहा घ्या."

"चाय नको. तो माल खोटो आसा. माज्या हातचो आसा, हिच्या हातचो न्हय. गोणी दी."

एवढा मोठा आवाज काकांच्या पोटात होता हे मला ठाऊक नव्हतं. मचव्यावर वारा सुटला की असाच लागत असेल. समोरच्या चहावाल्याने किटली खाली ठेवली. शेठचा नोकर गोणीचं तोंड धरून उभा राहिला, काकांनी तळ धरला आणि एकदाच ओढली. नोकर दोन पावलं तिच्याबरोबर आला, मग त्याने सोडली.

"परत या दारात येऊ नका," शेठ म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"येवचंय नाय," काका म्हणाले.

आम्ही स्टँडच्या दिशेने चाललो. अर्धी गोणी काकांच्या पाठीवर. काकी पुढे भरभर चालत होती. मग एकदम थांबली आणि मागे वळली.

"ह्यो आवाज मार्गशीर्षात खंय होतो तुमचो? माका सांगूक येय नाय होता, गोळे बसतत, काय करूया म्हणान?"

"तेव्हा तू बोलत होतंस," काका म्हणाले.

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. रस्त्यावरून घाटाकडे जाणारी बैलगाडी आमच्या मधून गेली, तेवढा वेळ. मग तिने पुढे होऊन गोणीचं एक टोक धरलं, आणि धरल्या धरल्या, "सारख्या धरूक येणा नाय काय, सगळा वजन माज्याच अंगार," म्हणून परत सुरू झाली.